उघड्या दाराआडचे कैदी

लुईस बुन्युएल यांचा ‘एल आंखेल एक्स्तर्मिनादोर’, म्हणजे ‘संहारक देवदूत’, हा चित्रपट १९६२ साली मेक्सिकोत तयार झाला. बंदिस्त जागेतल्या ॲब्सर्ड विनोदाचा तो अस्सल नमुना मानला जातो.

मूळचे स्पॅनिश असलेले बुन्युएल १९४६ मध्ये मेक्सिकोत आले आणि १९४९ मध्ये तिथले नागरिक झाले. तिथल्या धंदेवाईक चित्रसृष्टीत थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत चित्रपट हातावेगळा करायची त्यांना सवय लागली. १९६१ चा ‘विरिदियाना’ कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्काराचा मानकरी ठरला. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनने मात्र त्यावर बंदी घातली. त्याचे निर्माते गुस्तावो अलात्रिस्ते यांनी पुढच्या, म्हणजे याच, चित्रपटासाठी बुन्युएलना पूर्ण मोकळीक दिली.

ऑपेरा संपल्यावर बडी मंडळी एका हवेलीत जेवायला येतात. बहुतेक नोकरचाकर आधीच काढता पाय घेतात. जेवणानंतर पाहुणे दिवाणखान्यात बसतात आणि तिथून कोणाचाच पाय निघत नाही. दार सताड उघडे, कडी नाही की पहारा नाही. बाहेरच्यांनाही आत शिरवत नाही. दिवस उलटतात तशी सभ्यतेची पुटे गळू लागतात. पाण्यासाठी भिंत फोडून नळ गाठला जातो, फुलदाण्यांचे शौचपात्र होते, खोलीत शिरलेल्या मेंढ्या मारून खाल्ल्या जातात. या कोंडीचे कारण चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. विनोदाची मुख्य मदार या न सांगण्यावरच आहे.

दुसरी युक्ती पुनरावृत्तीची. पाहुणे हवेलीत दोनदा शिरतात, यजमान तोच पेला दोनदा उंचावतो. छायालेखक गाब्रिएल फिगेरोआ यांना ही संकलनातली चूक वाटली होती, असे बुन्युएल आत्मचरित्रात सांगतात. सुटकाही पुनरावृत्तीनेच होते: सगळे योगायोगाने पहिल्या रात्रीच्याच जागी आहेत, हे लेतिसिया या पाहुणीच्या ध्यानात येते; तेच संवाद पुन्हा म्हटले जातात आणि पाय मोकळे होतात. मग आभारप्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमलेली मंडळी, पाद्र्यांसकट, तिथेच अडकतात.

श्रीमंती थाट उभा करण्याइतका पैसा मात्र नव्हता. जवळून दाखवण्याजोगा उंची नॅपकिन एकच, तोही रंगभूषाकाराकडून उसना आणलेला. हा चित्रपट पॅरिस किंवा लंडनमध्ये करायला हवा होता, अशी खंत बुन्युएलना राहिली.

१९६२ मध्येच कानला या चित्रपटाला समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार मिळाला. संगीतकार टॉमस ॲडेस यांनी त्यावर रचलेला ऑपेरा २०१६ मध्ये साल्झबर्गला प्रथम सादर झाला.