मलेशियाचे आकडे आणि रबराच्या मळ्यावरचा माणूस

आपल्याकडे आरक्षणाचा वाद निघाला की कधीमधी मलेशियाचे नाव पुढे येते. एकजण म्हणतो, बघा, राखीव वाटा देऊनही तो देश पुढे गेला. दुसरा म्हणतो, बघा, त्याच धोरणाने तिथली गुणवत्ता मारली. दोघांच्याही बोलण्यात रबराचा मळा कुठे येत नाही. मी इतिहास शिकवतो. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण आकडा कोणी जमवला आणि कोणाला कोणत्या रकान्यात बसवले, हे विचारण्याची खोड इतिहासाने लावली आहे.

13 मे 1969 रोजी क्वालालंपुरात मलायी आणि चिनी समाजांत दंगल पेटली. सरकारी मोजणीप्रमाणे 196 माणसे मेली. त्यानंतर सरकारी कचेऱ्यांतच वाद झडला. नियोजन खात्यातले बरेचसे तज्ज्ञ म्हणत, आधी उत्पादन वाढवा, वाटणीचे पुढे पाहू. नव्या राष्ट्रीय ऐक्य विभागात सल्लागार असलेले नॉर्वेचे अर्थतज्ज्ञ युस्ट फालंड यांच्या बाजूचे म्हणणे असे, की वांशिक विषमता हाच मूळ प्रश्न आहे. नुसत्या वाढीने ती जाणार नाही. दुसरी बाजू जिंकली. 1971 मध्ये नवे आर्थिक धोरण आले. त्याचे हेतू दोन: वंश न पाहता दारिद्र्य हटवणे, आणि अमुक वंशाने अमुकच धंदा करावा ही स्थिती मोडणे. हा दुसरा हेतू वाचताना आपल्या माणसाला गावगाडा आठवल्याशिवाय राहत नाही. 1970 मध्ये कंपन्यांच्या भांडवलात मलायी व इतर भूमिपुत्रांचा वाटा 2.4 टक्के होता. तो 1990 पर्यंत 30 टक्क्यांवर न्यायचे ठरले.

एक फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. तिथे सवलत घेणारा समाज बहुसंख्य होता आणि सत्ताही त्याच्याच हाती होती. आपली मागणी सत्तेच्या वेशीबाहेरून आलेली आहे. म्हणून मलेशियाचा दाखला आपल्या बाजूने किंवा विरुद्ध जसाच्या तसा वापरणे चुकीचे आहे.

या साऱ्या संशोधनात मला जवळचे वाटतात ते उंगकू अझीझ. मलाया विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ, पुढे 1968 ते 1988 तिथले कुलगुरू. गरीब माणूस आळशी म्हणून गरीब, ही गोऱ्या साहेबाने रुजवलेली समजूत त्यांनी झुगारली. गावचे दारिद्र्य त्यांनी दलालांच्या शोषणाशी, अपुऱ्या साधनांशी आणि सरकारी दुर्लक्षाशी जोडले. दारिद्र्य मोजायला त्यांनी सारोंगाचे माप काढले. घरात सारोंग किती आहेत ते मोजा आणि एक वर्षावरच्या माणसांच्या संख्येने भागा. सारोंग बाईही नेसते, पुरुषही नेसतो. उत्पन्न विचारले तर माणूस बुजतो. वस्त्र मात्र डोळ्यांना दिसते. विद्वान या मापाला हसले असतील. मला ते पटते. माझ्या आजीची दोन लुगडी होती, एक अंगावर आणि एक दांडीवर. कोणत्याही पाहणीच्या कागदापेक्षा ती दांडी आमच्या घराविषयी जास्त सांगत होती.

आता सरासरीकडे वळू. 1970 मध्ये मलेशियाच्या द्वीपकल्पात घरटी महिन्याचे सरासरी उत्पन्न मलायी कुटुंबाचे 172 रिंगिट, भारतीयाचे 304 आणि चिन्याचे 394 असे नोंदले गेले. म्हणजे भारतीय माणूस मधल्या पायरीवर, बरा चाललेला. पण या 304 मध्ये शहरातला वकील आहे, चेट्टियार सावकार आहे, आणि अंधारात उठून रबराचा चीक काढायला निघालेली तमिळ बाईही आहे. तिघे एका रकान्यात कोंबले की बाई दिसेनाशी होते.

ही माणसे कोण होती? इंग्रजांच्या मळ्यांसाठी मद्रास इलाख्यातून आणलेली. आणणारा कंगाणी, आपल्या ऊसतोडीच्या मुकादमाचाच भाऊबंद. त्यांत परैयर, पळ्ळर अशा अस्पृश्य ठरवलेल्या जातींची माणसे पुष्कळ होती. समुद्र ओलांडूनही जात मळ्यावरच्या बराकींपर्यंत पोचली. सरकारी रकान्यात मात्र शब्द एकच, ‘भारतीय’.

स्वातंत्र्याच्या सुमारास गोरे मालक मळे विकू लागले. दलाल ते घेत, तुकडे पाडत आणि विकत. तुकडा घेणाऱ्याला मजूर नको असे; मजुराची नोकरी आणि बराकीतली खोली एकाच दिवशी जाई. उंगकू अझीझ यांनीच 1951 ते 1960 या काळातल्या या तुकडेबाजीचा अभ्यास केला; अहवाल 1962 मध्ये निघाला. मळे त्यानंतरही फुटत राहिले. अहवालापुढे धोरण न हलण्याची ही तऱ्हा आपल्याला नवी नाही.

उत्तर शोधले ते मजुरांच्या पैशाने. मंत्री व्ही. टी. संबंथन यांनी 1960 मध्ये सहकारी संस्था काढली. शंभर डॉलरचा भाग, दहादहाच्या हप्त्यांनी. त्यातून मळे विकत घेतले गेले. पण सारेच मळे काही घेता आले नाहीत. पुढे 1968 च्या कायद्याने नागरिक नसलेल्यांना कामाचा परवाना सक्तीचा केला. मळ्यावर जन्मलेल्या अनेकांकडे नागरिकत्वाचा कागद नव्हता. कित्येकांना भारताची वाट धरावी लागली.

धोरणाचे श्रेय नाकारायचे कारण नाही. 1970 मध्ये द्वीपकल्पातली जवळजवळ निम्मी कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. 1990 पर्यंत ते प्रमाण वीस टक्क्यांखाली आले. मलायी शेतकऱ्याची मुले डॉक्टर, इंजिनियर झाली. भूमिपुत्रांचा भांडवलातला वाटा 19 टक्क्यांच्या आसपास पोचला. भारतीयांचा 1970 मध्ये 1.1 टक्के होता, वीस वर्षांनी एक टक्क्यापाशीच राहिला. मळ्यांवर रबर जाऊन तेलमाड आला, काही जमिनींवर वसाहती उठल्या, आणि मजूर शहराच्या झोपडपट्टीत गेला.

आकड्याचे राजकारण 2006 मध्ये उघडे पडले. लिम टेक घी यांच्या संशोधन केंद्राने भूमिपुत्रांचा वाटा 45 टक्के असल्याचे मांडले, सरकार 18.9 म्हणत होते. एकाने समभागांची बाजारातली किंमत धरली आणि सरकारी कंपन्या हिशेबात घेतल्या, दुसऱ्याने दर्शनी किंमत धरली. वाद पेटला, केंद्र चालवणाऱ्या संस्थेने अहवाल मागे घेतला आणि लिम यांनी राजीनामा दिला.

25 नोव्हेंबर 2007 रोजी हजारो तमिळ माणसे क्वालालंपूरच्या रस्त्यावर उतरली. पोलिसांनी अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे सोडले. त्यांना ब्रिटिश वकिलातीत एक अर्ज द्यायचा होता: आमच्या आजोबा-पणजोबांना मळ्यांवर आणलेत आणि जाताना वाऱ्यावर सोडून गेलात, त्याची भरपाई द्या.