आकाशगंगेच्या शिवेवरचे मेघ

दिवाळीच्या अमावास्येला परभणीकडच्या एखाद्या खेड्यात पणत्या मालवल्यावर, दहा-अकराच्या सुमारास पूर्वेकडे पाहावे. कृत्तिका-रोहिणी वर चढलेल्या असतात आणि मागून मृग डोके काढतो. आकाशगंगेचा मध्य मूळ नक्षत्राच्या बाजूला. तो पहिल्या प्रहरातच मावळलेला असतो. सूर्य त्या मध्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे मृगाकडे पाहणारा माणूस मध्याकडे पाठ करून शिवेकडे पाहत असतो.

या शिवेवर आहे तरी काय? परभणी निजामच्या राज्यात होती तेव्हा, १९०१ साली, नवाब जफर जंग यांनी हैदराबादेत वेधशाळा उभारली. पुढे ती सरकारकडे गेली आणि तिने जागतिक नोंदणीतील आपल्या वाट्याच्या लाखो ताऱ्यांच्या जागा काचेच्या तबकड्यांवरून मोजल्या. मोठेच काम ते! पण ताऱ्यांमधल्या थंड वायूचे मोजमाप त्या काचेवर उमटणारे नव्हते. त्यासाठी रेडिओलहरी पकडाव्या लागल्या. १९५१ साली हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर सापडली. १९७० साली मृगातल्याच तेजोमेघात कार्बन मोनॉक्साइड आढळला, आणि त्याच्या खुणेने थंड रेणुमेघ शोधण्याची वाट मोकळी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांनी लिओ ब्लिट्झ व कार्ल हाइल्स यांच्यासह १९८२ साली बाह्य आकाशगंगेतील हायड्रोजनवरच निबंध प्रसिद्ध केला.

या मेघांचा संसार मोठा काटकसरीचा. उष्णतामान शून्याखाली अडीचशे अंशांहूनही कमी. धुळीच्या बारीक कणांवर अणू येऊन चिकटतात आणि तेथेच त्यांच्या सोयरिकी जुळतात. कार्बन मोनॉक्साइड कणावर गोठतो, त्याला एकेक हायड्रोजन मिळत जातो आणि मेथॅनॉल, म्हणजे साधे मद्यार्क, तयार होते. पुढे जवळच एखादा तारा जन्मू लागला, की ऊब लागून कणावरचे बर्फ उडते आणि आतला ऐवज बाहेर येतो.

पण कार्बन, ऑक्सिजन ही तर ताऱ्यांच्या पोटातली कमाई. शिवेवर ताऱ्यांच्या पिढ्या थोड्या झाल्या, म्हणून ही पुंजी आपल्या परिसराच्या सुमारे चौथाई. अशा दारिद्र्यात गुंतागुंतीचे रेणू कोठून घडणार, अशी शंका येणे साहजिक होते.

तिला २०२१ साली उत्तर मिळाले. जपानच्या ताकाशी शिमोनिशी आणि सहकाऱ्यांनी चिलीमधील आल्मा दुर्बिणीने, मध्यापासून सुमारे ६२,००० प्रकाशवर्षांवर, जन्मत्या ताऱ्याभोवतीचा ऊबदार गाभा न्याहाळला. तेथे पाणी, मेथॅनॉल, इथेनॉल, फॉर्मामाइड, असे नऊ अणूंपर्यंतचे रेणू मिळाले. नवल हे, की मेथॅनॉलच्या तुलनेत अशा अनेक रेणूंचे प्रमाण आतल्या भागातील गाभ्यांशी बरेच जुळले. गरिबाघरी चिवडा मूठभरच व्हावा, पण मसाल्याचे माप तेच असावे, तसे!

हे रेणू म्हणजे जीव नव्हे. त्यांच्यापासून जीवापर्यंतचा पल्ला फार लांब आहे. तरीही शीव म्हणजे ओसाड, हा समज मात्र मोडला. माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो, की दूरचे ते रिते असे तपासल्यावाचून म्हणू नये.

तो गाभा आर्द्रेच्या वर, मिथुनाच्या पायाशी आहे. आमच्या शेतकऱ्याला मृग आणि आर्द्रा ही पावसाची नक्षत्रे. त्यांच्याही पलीकडे, इतक्या लांब, ओलसर मेघ आहेत.