रात्रपाळीच्या वाचकासाठी

१९९७ च्या ऑक्टोबरात मी अर्विंगला आलो, तेव्हा एका बॅगेत प्रेशर कुकर होता आणि दुसरीत आईने लिहून दिलेली पाककृतींची वही. वहीत जागोजागी ‘मीठ चवीपुरते’, ‘पाणी अंदाजाने’. ज्याला चव आणि अंदाज दोन्ही ठाऊक आहेत, त्यालाच ती वही उपयोगी! व्हॅली रँचमधल्या अपार्टमेंटात मी केलेली पहिली आमटी ज्या तिघांनी खाल्ली, ते आजही याची साक्ष देतील.

ही वही आठवायचे कारण म्हणजे माझे सध्याचे काम. प्रोग्राममधली चूक शोधण्याच्या साधनाला डीबगर म्हणतात. आता ही साधने माणसांप्रमाणेच एआय एजंटही वापरतात. म्हणजे स्वतः आज्ञा देऊन, आलेले उत्तर वाचून पुढचे पाऊल ठरवणारे प्रोग्राम. त्यांना ती नीट वापरता यावीत म्हणून माहितीपुस्तके नव्याने लिहिण्याचे काम गेले वर्षभर माझ्याकडे आहे. ते करताना ध्यानात आले, की प्रश्न जुनाच आहे: लिहिणारा कोणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहितो?

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवला, शेजारी वेळ आणि रिलेचा क्रमांक लिहिला. ‘बग’ हा शब्द त्याआधीही चालत होता, एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही तो आहे. मला महत्त्वाची वाटते ती नोंद. चूक सापडली, एवढ्यावर न थांबता ती कुठे आणि केव्हा सापडली हेही लिहून ठेवले गेले. ते पान आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

नोव्हेंबर १९७१ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सचे पहिले मॅन्युअल निघाले. त्यात डीबगरलाही जागा होती, आणि ‘बग्ज’ या मथळ्याखाली साधनातले दोष मोकळेपणाने सांगितलेले असत. मजकूर मात्र अगदी त्रोटक. कारण वाचणारे बहुतेक त्याच इमारतीतले. अडले तर शेजारच्या खोलीत जाऊन विचारावे! १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीडीबी लिहिला. पुढे त्याचे मॅन्युअल चांगले जाडजूड झाले, पण वाचक तोच राहिला: पडद्यासमोर बसलेला जाणता माणूस.

आयबीएमच्या मेनफ्रेमची ‘मेसेजेस अँड कोड्स’ पुस्तके निराळी होती. प्रत्येक संकेतापुढे तीन गोष्टी असत: याचा अर्थ काय, यंत्रणेने काय केले, आणि आता तुम्ही काय करावे. तिथला वाचक म्हणजे रात्रपाळीचा ऑपरेटर. प्रोग्राम लिहिणारा घरी झोपलेला असायचा आणि विचारायला शेजारी कोणी नसायचे.

तो ऑपरेटर मी झालो १९९८ च्या हिवाळ्यात. आम्ही वाय-टू-केच्या कामासाठी आलेलो. रात्री दोन वाजता बिलांचा प्रोग्राम ‘सॉक-सेव्हन’ देऊन बंद पडला. पुस्तकात अर्थ होता: आकड्यांच्या जागी आकडे नाहीत. पण कोणत्या जागी? आमच्या विभागात एक ज्येष्ठ अमेरिकन बाई होत्या. त्यांनी मला एक वही देऊन ठेवली होती. तीत लिहिले होते, की आधी अमुक फाइलची शेवटची ओळ पाहा, ती कोरी असेल. आणि जुनी फाइल परत ठेवल्याशिवाय काम पुन्हा चालवू नका, नाही तर गिऱ्हाइकांना दुप्पट बिले जातील. दुसरी ओळ नसती, तर मी तेच केले असते.

त्या बाईंची नोकरी त्या जूनमध्ये संपणार होती, आणि त्यांचे काम आम्हीच घेणार होतो. हे त्यांना माहीत होते, आम्हालाही. तरी वहीत कुठे हातचे राखलेले नव्हते. मी चाचरत विचारले, तेव्हा एवढेच म्हणाल्या, की रात्री दोनला ज्याला उठवतील त्याचा यात काय दोष?

आज एजंटच्या चुका पाहताना ती वही आठवते. पडदा भरला की डीबगर ‘पुढे जाण्यासाठी रिटर्न दाबा’ म्हणून थांबतो. माणूस सहज दाबतो, एजंट अडकून बसू शकतो. एखादे मूल्य ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसले, तर ते उपलब्ध नाही असे समजायचे. एजंट कधी कधी ते मनानेच ठरवून मोकळा होतो. चालत्या प्रोग्रामला डीबगर जोडला की तो प्रोग्राम थांबतो, हे जाणत्याला सांगावे लागत नाही. एजंटला बजावावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला. त्यात प्रत्येक साधनाचे वर्णन साध्या वाक्यांत असते आणि ते वाचूनच एजंट साधन निवडतो. वाक्य ढिसाळ, तर निवडही ढिसाळ.

म्हणून मी आता आयबीएमच्या चालीवर लिहितो: न थांबता चालून संपणारी पूर्ण आज्ञा, उत्तराचा खरा नमुना, त्याचा अर्थ, त्यावरून कोणता निष्कर्ष काढू नये, पुढचे पाऊल. आणि सर्वांत वर, काय करू नये.

माझी मुलगी यंदा संगणकशास्त्राची पदवी घेऊन नोकरी शोधते आहे. ती म्हणते, “बाबा, तुम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय, माझ्याही.” तिला द्यायला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. पण एजंट चुकला की रात्री फोन माणसालाच येणार, आणि तो माणूस हीच पाने उघडणार. कदाचित ती माणसे तिच्याच पिढीतली असतील.

वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी जण त्याच वाय-टू-केच्या लाटेत आले. गॅरेजमधल्या खोक्यात अशी एखादी वही असेल, तर टाकून देऊ नका. आणि लिहायची राहिली असेल, तर आता लिहा. मात्र ‘चवीपुरते’ लिहू नका.