गंगावन: बारामती-इंदापूर पट्ट्यातील केसजोडणीची रीत

गंगावन म्हणजे स्वतःच्या केसांत मिसळून वेणी लांब किंवा अंबाडा भरदार करण्यासाठी वापरायचा जोडकेसांचा झुबका. नीरा आणि भीमा या नद्यांमधल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात, किंबहुना सगळ्या देशावरच, ब्यूटी पार्लर येण्याच्या कितीतरी आधीपासून केस जोडण्याची हीच रीत होती. केस जोडण्याच्या प्रत्येक पद्धतीत खरा प्रश्न एकच असतो: परक्या केसांचे वजन नेमके कुठे पडते आणि किती वेळ. जुन्या रीतीने त्याचे उत्तर फार शहाणपणाने शोधले होते.

जुने गंगावन चवरी गाईच्या, म्हणजे याकच्या, शेपटीच्या केसांचे असे. देवावर ढाळायची चवरीही याच केसांची. माणसाच्या केसांचे गंगावनही मिळे. हिमालयाकडचा हा माल व्यापाऱ्यांच्या हातोहात दख्खनेत उतरे आणि कासाराच्या दुकानात बांगड्या, फण्या, करंडे यांच्या जोडीला टांगला जाई. 1914 मध्ये दौंड-बारामती ही नॅरोगेज रेल्वे सुरू झाली आणि पुण्या-मुंबईचा माल बारामतीच्या पेठेत सहज येऊ लागला. तुकाराम महाराजांच्या पालखीची वाट बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. अशा वाटांवर आणि गावोगावच्या जत्रांत लागणारी पाले हा खेड्यातल्या बायकांचा दुसरा बाजार.

गंगावन बांधायची कृती साधी, पण तिच्यात हिशेब आहे. केसांना खोबरेल लावून, विंचरून ते मानेपाशी आगवळाने, म्हणजे केस बांधायच्या दोरीने, घट्ट बांधायचे. झुबक्याचे वरचे टोक दोऱ्याने गुंडाळून घट्ट केलेले असते आणि त्याला काळ्या दोरीचे दोन बंद असतात. हे बंद आगवळाभोवती फिरवून गाठ मारायची. मग गंगावनाचे तीन भाग करून प्रत्येक भाग आपल्या केसांच्या एकेका पेडात मिसळायचा आणि तिपेडी वेणी घालत खाली यायचे. गाठ फक्त पहिला ताण घेते. पुढे एक पेड दुसऱ्यावर चढत जातो तसे केस एकमेकांना दाबून धरतात, आणि वजन चार-दोन केसांवर न पडता मानेवर एकत्र बांधलेल्या सगळ्या केसांत वाटले जाते. स्वतःचे केस संपले की शेवटची वीतभर वेणी निव्वळ गंगावनाची असते. ती उसवू नये म्हणून टोकाला गोंडा. अंबाड्याची रीत उलटी. तिथे गंगावनाची चुंबळ आत ठेवून वरून आपले केस गुंडाळायचे आणि आकडे खोचायचे, म्हणजे रंगातला फरक झाकला जातो. रात्री सगळे सुटे होई. शिकेकाईने धुतलेले गंगावन सावलीत वाळवून, फडक्यात गुंडाळून पेटीत जाई.

गरज बहुधा आजारातून येई. लांबलेला ताप किंवा बाळंतपण यांनंतर मूठ-मूठ केस गळत, आणि सवाष्णीने लग्नकार्यात विरळ वेणीने वावरणे बरे दिसत नसे. भरगच्च केस हे सौभाग्याचे लक्षण मानले जाई. याच समाजात ब्राह्मण विधवांचे केशवपन होई. त्याविरुद्ध 1890 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचे ठरवले. केसांना एवढे वजन होते, म्हणूनच गंगावन ही उघड बोलायची वस्तू नव्हती.

रंगभूमीवर मात्र ते उघडपणे नांदले. संगीत नाटकात स्त्रीभूमिका पुरुष करत, तेव्हा नटापुढे दोन वाटा असत: टोप, नाहीतर वाढवलेल्या केसांना गंगावन. तमाशातल्या नाच्यालाही तेच लागे. पवळाबाई हिवरगावकर यांच्यापासून स्त्रिया फडावर आल्या आणि लांब वेणी हा लावणीचा अलंकारच झाला. बारामतीला लागून असलेल्या दौंड तालुक्यातील चौफुल्याची कला केंद्रे आणि इंदापूरपलीकडे नीरेच्या काठावरच्या अकलूजची लावणी स्पर्धा यांमुळे ही परंपरा या भागात आजही जिवंत आहे. गिरकी घेताना वेणीचा सगळा हिसका मानेवर येतो, तिथे सैल गाठ चालत नाही.

गंगावन घेणाऱ्या घरांतून केस बाहेरही जात. फणीत अडकलेले गुंतवळ बायका फेकत नसत. वळचणीला किंवा भिंतीच्या फटीत खोचून ठेवत. फिरस्त्या बायका ते घेऊन सुया, पिना, पुढे भांडी देत. गुंतवळात मुळे आणि टोके उलटसुलट मिसळलेली असतात, त्यामुळे ते सोडवणे फार कष्टाचे. कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरात हा मोठा उद्योग आहे. ज्यांच्या गुंतवळावर तो उभा आहे त्या बायकांच्या हाती मात्र एखादे पातेले पडले, ही गोष्ट टोचणारी आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आणि जपानी कानेकॅलॉनसारखे धागे आले. कानेकॅलॉनचे उत्पादन 1957 मध्ये सुरू झाले. वस्तू हलकी आणि स्वस्त झाली, शाळेच्या स्नेहसंमेलनातही दिसू लागली. पण तिची चकाकी लपत नाही आणि उष्णता तिला सोसत नाही.

जोडणीत खरा बदल अमेरिकेत झाला. ओहायोतल्या क्रिस्टिना जेंकिन्स यांनी केसांच्या बारीक घट्ट वेण्यांवर जोडकेसांची पट्टी शिवण्याची पद्धत काढली. तिचे पेटंट 1952 मध्ये मिळाले. त्यानंतर केराटिनच्या थेंबाने चिकटवणे, बारीक कड्यांत दाबणे, टेपच्या पट्ट्यांमध्ये केस पकडणे अशा रीती निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच आता तालुक्याच्या पार्लरपर्यंत पोचल्या आहेत. या जोडण्या रात्री सुटत नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि जोड खाली सरकतो, म्हणून टेप किंवा शिवलेली पट्टी दीड-दोन महिन्यांनी वर घ्यावी लागते. डोक्याला तेल चोपडायची सवय टेपला मानवत नाही. तेलाने गोंद सुटतो. वजन मूठभर केसांच्या मुळांवर सतत राहिले तर मुळे दुखावतात, कपाळाकडचे केस विरळ होतात, आणि वेळीच न थांबल्यास ते परत येत नाहीत. जोडकेसांच्या क्लिपा याला अपवाद: त्या गंगावनासारख्याच तेवढ्यापुरत्या लावायच्या आणि काढायच्या. नवरीच्या अंबाड्यासाठी आता बहुधा त्या किंवा तयार अंबाडा वापरतात. लांब वेणीसाठी मात्र गंगावनच लागते, आणि ते आजही आगवळालाच बांधले जाते.