संशोधनपत्रिकांच्या वाढीचे मापन

संशोधनपत्रिकांच्या वाढीचे मापन : संशोधनपत्रिका किती आहेत, दरवर्षी त्यांत किती भर पडते, त्यांतून किती शोधनिबंध प्रसिद्ध होतात आणि ते विषय, भाषा, देश व लेखक यांनुसार कसे विभागले जातात, यांचा संख्यात्मक अभ्यास. ग्रंथमितीची ही एक शाखा असून शास्त्रमितीशी तिचा निकटचा संबंध आहे. ग्रंथालयांची खरेदी, संशोधनाचा निधी, विद्यापीठांची क्रमवारी आणि प्राध्यापकांची पदोन्नती यांसाठी तिचे निष्कर्ष वापरले जातात. मोजणीत पत्रिका धरल्या, निबंध धरले की उद्धरणे, तसेच बंद पडलेल्या पत्रिका घेतल्या की गाळल्या, यांवर उत्तर बदलते. त्यामुळे वाढीचा कोणताही दर मोजणीच्या पद्धतीसह वाचावा लागतो.

पार्श्वभूमी

पहिल्या दोन संशोधनपत्रिका १६६५ मध्ये दोन महिन्यांच्या अंतराने निघाल्या. दनी द सालो यांनी पॅरिसमध्ये जानेवारीत ‘जुर्नाल दे सावां’ सुरू केली, तर लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्चमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’ काढली. पत्रिकांची संख्या वाढली तशी त्यांतील निबंधांचे सारांश देणारी वेगळी नियतकालिके लागू लागली. १८३० मध्ये जर्मनीत सुरू झालेले ‘फार्मात्सॉयटिशेस सेंट्राल-ब्लाट’ हे त्यांपैकी आरंभीचे होय.

वाङ्मयाची मोजदाद विसाव्या शतकात सुरू झाली. कोल आणि ईल्स या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी १५४३ ते १८६० या काळातील तौलनिक शरीररचनाशास्त्रावरील लेखन देश व कालखंडांनुसार मोजून १९१७ मध्ये आलेखरूपाने मांडले. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस यांच्यापुढचा प्रश्न व्यवहारातला होता : लहान महाविद्यालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके विकत घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या पत्रिकेचा १९२६ चा खंड घेतला, त्यातील ३,६३३ संदर्भ मोजले आणि कोणत्या पत्रिकांचा उल्लेख वारंवार होतो ते पाहिले. उद्धरणांवरून पत्रिकेचे महत्त्व ठरवण्याची पद्धत येथून रूढ झाली. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयाच्या कामकाजाला सांख्यिकी लावण्याची कल्पना १९४८ मध्ये इंग्लंडमधील एका परिषदेत मांडली. १९६९ मध्ये ॲलन प्रिचर्ड यांनी या विषयाला ‘बिब्लिओमेट्रिक्स’ (ग्रंथमिती) हे नाव दिले.

मोजणीची साधने

निर्देशिका, क्रमांकन आणि उद्धरणसूची ही मोजणीची मुख्य साधने आहेत. निर्देशिकांपैकी १९३२ पासूनची ‘उलरिक’ ही सर्वांत जास्त वापरली जाते. पत्रिकेचे आरंभवर्ष, ती चालू आहे की बंद आणि तिच्यातील निबंध तज्ज्ञांकडून तपासून घेतले जातात की नाही, हे तीत नोंदलेले असते. नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांकाची म्हणजे आयएसएसएनची पद्धत १९७० च्या दशकात आली. पत्रिकेने नाव बदलले की साधारणपणे नवा क्रमांक मिळतो, आणि छापील व इलेक्ट्रॉनिक आवृत्त्यांना वेगवेगळे क्रमांक असतात. म्हणून क्रमांकांची बेरीज म्हणजे पत्रिकांची संख्या नव्हे. शिवाय हा क्रमांक केवळ ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही.

कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला हे दाखवणाऱ्या उद्धरणसूचीची कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. फिलाडेल्फियातील त्यांच्या संस्थेने काढलेल्या पहिल्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’मध्ये १९६१ सालच्या ६१३ पत्रिकांचा समावेश होता. ‘वेब ऑफ सायन्स’ ही तिचीच पुढची अवस्था होय. २००४ मध्ये ‘स्कोपस’ आणि ‘गूगल स्कॉलर’ आले. ‘वेब ऑफ सायन्स’ व ‘स्कोपस’ या सूची पत्रिका निवडून घेतात आणि निवडीचे निकष वेळोवेळी बदलतात. २०१५ मध्ये ‘वेब ऑफ सायन्स’ने नव्याने पुढे येणाऱ्या पत्रिकांसाठी स्वतंत्र विभाग उघडला, तेव्हा आधीपासून चालू असलेल्या हजारो पत्रिका तिच्या कक्षेत आल्या. सूचीतील संख्या वाढली, पण ती वाढ प्रकाशनाची नव्हती.

वाढीचा दर

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध मांडणी डेरेक डी सोला प्राइस यांची आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात गणित शिकवत होते. ग्रंथालयाची इमारत तयार होत असताना ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’चे जुने खंड त्यांच्याकडे राहिले. त्यांनी दहा-दहा वर्षांचे गठ्ठे भिंतीशी रचले, तेव्हा गठ्ठ्यांची उंची चक्रवाढ व्याजाप्रमाणे वाढताना दिसली. पुढे ‘सायन्स सिन्स बॅबिलॉन’ (१९६१) आणि ‘लिटल सायन्स, बिग सायन्स’ (१९६३) या पुस्तकांत त्यांनी हे सूत्र सर्व पत्रिकांना लावले. १७५० च्या सुमारास १०, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी १००, मध्यावर १,००० आणि १९०० मध्ये १०,००० अशी त्यांची मालिका होती, म्हणजे दर पन्नास वर्षांनी दहापट. हा दर वर्षाला सुमारे ४·७ टक्के पडतो आणि सुमारे १५ वर्षांत संख्या दुप्पट होते. याच गतीने २००० साली पत्रिका दहा लाखांवर जायला हव्या होत्या.

तसे झाले नाही. याचे मोठे कारण प्राइस यांच्या मोजणीतच होते. त्यांनी तोवर स्थापन झालेल्या सर्व पत्रिकांची बेरीज घेतली होती, बंद पडलेल्या वजा केल्या नव्हत्या. मायकल मेब यांनी २००३ मध्ये ‘उलरिक’मधील केवळ चालू आणि तज्ज्ञपरीक्षित पत्रिका मोजल्या. २००१ साली अशा १४,६९४ पत्रिका होत्या आणि १८०० पासूनचा वाढीचा सरासरी दर ३·४६ टक्के होता, म्हणजे दुप्पट होण्यास सुमारे २० वर्षे. अशी वाढ अमर्याद राहणार नाही, ती केव्हातरी मंदावून वक्राला इंग्रजी ‘एस’ अक्षराचा आकार येईल, हे प्राइस यांनीही सांगितले होते. वैज्ञानिक-तांत्रिक प्रकाशकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या अहवालात इंग्रजीतील सुमारे ३३,१०० आणि इतर भाषांतील सुमारे ९,४०० चालू पत्रिका, तसेच वर्षाला ३० लाखांहून अधिक निबंध अशी गणना आहे.

एकाच अभ्यासकांच्या हातून पद्धतीप्रमाणे निष्कर्ष कसा बदलतो, याचे उदाहरण लुट्झ बोर्नमान आणि रुडिगर मुट्झ यांच्या कामात मिळते. २०१५ मध्ये त्यांनी निबंधांऐवजी निबंधांत उद्धृत झालेले जुने लेखन वर्षवार मोजले. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक टक्क्याहून कमी, दोन महायुद्धांमधील काळापर्यंत २ ते ३ टक्के आणि त्यानंतर ८ ते ९ टक्के असे वार्षिक वाढीचे तीन टप्पे त्यांना दिसले. मात्र ज्याचा पुढे कोणीच उल्लेख केला नाही ते लेखन या पद्धतीत निसटते, आणि जुने लेखन विस्मरणात गेल्याने अलीकडची वाढ फुगलेली दिसते. २०२१ मध्ये रॉबिन हाउनशिल्ड यांच्यासह त्यांनी चार सूचींतील प्रत्यक्ष प्रकाशने मोजली, तेव्हा एकूण दर ४·१० टक्के आणि दुपटीचा काळ १७·३ वर्षे आला.

पत्रिकांची संख्या आणि निबंधांची संख्या हातात हात घालून वाढतेच असे नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘प्लॉस वन’ या एकाच मुक्त (वाचकाला विनामूल्य) पत्रिकेने २०१३ मध्ये ३० हजारांहून अधिक निबंध छापले. लेखक शुल्क देत असल्याने प्रत्येक वाढीव निबंध प्रकाशकाला उत्पन्न देतो, आणि पानांची मर्यादाही उरलेली नाही. २०१६ ते २०२२ या काळात ‘स्कोपस’ व ‘वेब ऑफ सायन्स’ या दोहोंतील वार्षिक निबंधसंख्या सुमारे ४७ टक्क्यांनी वाढल्याचे २०२४ च्या एका अभ्यासात आढळले. संशोधकांची संख्या त्या गतीने वाढत नसल्याने परीक्षक मिळणे अवघड होते.

विभागणीचे नियम

विभागणीची विषमता हा या क्षेत्रातील सर्वांत स्थिर निष्कर्ष आहे. विमा कंपनीत सांख्यिकीतज्ज्ञ असलेल्या आल्फ्रेड लोट्का यांनी १९२६ मध्ये ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’च्या सूचीतील ए व बी या आद्याक्षरांचे लेखक मोजले. एकच निबंध लिहिणारे सुमारे ६० टक्के निघाले. दोन निबंध लिहिणारे त्यांच्या एक-चतुर्थांश आणि तीन लिहिणारे एक-नवमांश, अशी उतरंड त्यांनी नियमरूपाने मांडली.

लंडनच्या सायन्स म्यूझियमचे ग्रंथपाल एस. सी. ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये पत्रिकांबाबत असाच नियम सांगितला. उपयोजित भूभौतिकीवरील १,३३२ संदर्भ ३२६ पत्रिकांत विखुरलेले होते. त्यांपैकी ९ पत्रिकांत ४२९, पुढच्या ५९ पत्रिकांत ४९९ आणि उरलेल्या २५८ पत्रिकांत ४०४ संदर्भ सापडले. साधारण सारख्या तीन वाट्यांसाठी पत्रिका पटीपटीने वाढत गेल्या. विषयाचा गाभा मूठभर पत्रिकांत मिळतो, पण संपूर्ण विषय गोळा करण्याचा खर्च भरमसाट वाढतो, हा ग्रंथपालांसाठी त्याचा अर्थ होता. एका विषयाची शेपटी, म्हणजे त्याच्या गाभ्याबाहेरच्या पत्रिका, या बहुतांशी दुसऱ्या विषयांचे गाभे असतात, असे गारफील्ड यांनी १९७१ मध्ये दाखवले. थोड्याच पत्रिका घेणाऱ्या सूचीचे समर्थनही त्यांनी याच आधारे केले.

लेखकसंख्येचे चित्रही बदलले आहे. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. अशा निबंधाचे श्रेय प्रत्येक देशाला पूर्ण द्यायचे की वाटून, यावर देशांची क्रमवारी खालीवर होते.

मापनाचा परिणाम

मोजणीला बक्षीस जोडले की मोजल्या जाणाऱ्या गोष्टीच बदलतात. पत्रिकेच्या मागील दोन वर्षांतील निबंधांना चालू वर्षी सरासरी किती उद्धरणे मिळाली, हे सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टर १९७५ पासून वार्षिक अहवालरूपाने निघू लागला. तो ग्रंथपालांच्या उपयोगाचा असला तरी पुढे व्यक्तींच्या नेमणुकांसाठी वापरला गेला. संशोधकाच्या किती निबंधांना किमान तितकीच उद्धरणे मिळाली हे सांगणारा होर्हे हिर्श यांचा एच-निर्देशांक २००५ मध्ये आला. अशा आकड्यांवरून व्यक्तींना जोखण्याविरुद्ध २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जाहीरनामा तयार झाला आणि २०१५ मध्ये लायडन जाहीरनामा प्रसिद्ध झाला. संख्या तज्ज्ञांच्या निर्णयाला पूरक असावी, त्याची जागा तिने घेऊ नये, ही दोहोंची भूमिका आहे.

भारत

भारतातील संशोधनपत्रिकांची परंपरा कोलकात्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’पासून (१७८८) सुरू होते. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या निबंधांचा पहिला खंड १८१९ मध्ये निघाला, तर बंगळूरुचे ‘करंट सायन्स’ १९३२ पासून चालू आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने ‘स्कोपस’वरून केलेल्या गणनेत २०२२ साली विज्ञान-अभियांत्रिकी निबंधांत चीन व अमेरिकेनंतर भारताचा तिसरा क्रमांक लागला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या निवड व बढतीसाठी प्रकाशनांना गुण ठेवले. त्यानंतर पैसे घेऊन तपासणीविना छापणाऱ्या पत्रिकांना मोठी मागणी आली. शेन आणि ब्योर्क यांच्या २०१५ च्या अंदाजानुसार जगभरातील अशा पत्रिकांतील निबंध २०१० मध्ये ५३ हजार होते, ते २०१४ मध्ये ४ लाख २० हजार झाले. लेखकांत भारताचा वाटा सर्वांत मोठा होता. आयोगाने २०१७ मध्ये मान्य पत्रिकांची यादी काढली. तीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या पत्रिकांपैकी तपासलेल्या १,००९ मधील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असे भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले. मे २०१८ मध्ये ४,३०५ पत्रिका वगळल्या गेल्या. त्यानंतर ‘यूजीसी-केअर’ यादी आली आणि पत्रिकांच्या छाननीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे दिले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली आणि पत्रिकेची पारख उच्चशिक्षण संस्थांवर सोपवली.

मराठीसह भारतीय भाषांतील पत्रिकांचा प्रश्न वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय सूचींचा भर इंग्रजीवर आहे. इतिहास, साहित्य, लोकसंस्कृती यांवरील भारतीय भाषांतील निबंध एकमेकांचा आधार घेत असले, तरी ती उद्धरणे या सूचींत क्वचितच नोंदली जातात. या भाषांतील संशोधन वाढते आहे की आटते आहे, हे अशा सूचींवरून ठरवता येत नाही. त्यासाठी चालू व बंद पत्रिकांच्या वर्षवार नोंदी, अंकांतील निबंधांची गणना आणि त्यांच्या संदर्भांची सूची भाषेनुसार तयार करावी लागते.