मुक्तिवेगाचा जमाखर्च

मोक्षाची भाषा ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडते, तेथील पदार्थविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकांत ‘मुक्तिवेग’ हा शब्द येऊन बसला, तेव्हा तो कोणास परका वाटला नाही. परंतु त्यामागील कल्पनेचे कुळ शोधू गेल्यास आपणास इंग्लंडात जावे लागते. पुरेशा वेगाने फेकलेली वस्तू पृथ्वीवर परत न येता आकाशात अनंत काळ चालत राहील, हे न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त नमूद केले, आणि जॉन मिशेल या यॉर्कशायरमधील धर्मोपदेशकाने १७८३ साली तोच धागा पुढे नेऊन, सूर्याइतक्याच घनतेचा पण व्यासाने पाचशे पट मोठा तारा असल्यास त्याच्या तावडीतून प्रकाशासही सुटता येणार नाही, असे अनुमान मांडले.

हिशेब मुळात सुटसुटीत आहे: वर्तुळाकार प्रदक्षिणेच्या वेगास दोनाच्या वर्गमुळाने गुणावे, की मुक्तिवेग हाती येतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदास २९.८ किलोमीटर धावते. सबब तिच्या कक्षेपासून सूर्याचा कायमचा निरोप घेण्यास ४२.१ किलोमीटर वेग हवा. यांपैकी २९.८ ची रक्कम, पृथ्वीच्याच दिशेने निघणाऱ्या यानाच्या खाती वारशाने आधीच जमा असते, उरले १२.३. त्यांवर पृथ्वीची स्वतःची ११.२ ची जकात आहेच. परंतु ऊर्जेची आकारणी वेगाच्या वर्गावर होत असल्यामुळे एकूण देणे २३.५ न होता १६.६ वरच थांबते. रशियन परिभाषेत यासच तिसरा वैश्विक वेग म्हणतात.

१९५९ च्या जानेवारीत ‘लूना १’ पृथ्वीच्या अमलातून सुटले खरे, पण सूर्याचे मांडलिक होऊन राहिले. १९६१ साली मायकेल मिनोविच या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्याने, ग्रहाच्या पिछाडीने जाणाऱ्या यानास त्या ग्रहाच्या गतीचा अंश उसना मिळतो, याचे गणित तपशिलाने मांडले. आणि १९७२ च्या मार्चमध्ये सेकंदास सुमारे चौदा किलोमीटरांच्या शिदोरीवर निघालेल्या ‘पायोनियर १०’ची तूट १९७३ च्या डिसेंबरात गुरू ग्रहाने भरून काढली. गुरूच्या खजिन्यातून तेवढीच ऊर्जा वजा झाली, पण त्या खजिन्यास त्याची दखलही नसावी.

गणिताच्या दृष्टीने गुरूवाचून मुक्ती अशक्य नाही, महाग मात्र आहे. ‘न्यू होरायझन्स’ यान २००६ साली पृथ्वीवरूनच सेकंदास सोळा किलोमीटरांहून अधिक वेग घेऊन निघाले होते. तरी पुढच्या वर्षी तेही गुरूच्या दारावरूनच गेले.