साठ मिनिटांचा राजपुत्र आणि परतीची वाट

मंडळी, पूनम सागरमधल्या चाळिशीतल्या काहींनी कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची नजर चुकवून 'प्रिन्स ऑफ पर्शिया' नक्की खेळला असेल. १९८९चा, जॉर्डन मेकनरचा. राजकन्येला सोडवायला फक्त साठ मिनिटं. वाट चुकलात की वेळ गेला!

पण त्याआधीच, १९८६ साली, निन्टेन्डोने 'मेट्रॉइड' आणला होता. त्यात भटकणं हाच खेळ. आज बंद असलेली वाट नवी ताकद मिळाली की उघडते; म्हणजे मागे फिरणं ही हार नाही. १९९७ मध्ये 'सिम्फनी ऑफ द नाइट'ने हीच रीत ड्रॅक्युलाच्या वाड्यात नेली.

आणि गंमत बघा, राजपुत्राच्याच मालिकेतला २०२४चा 'द लॉस्ट क्राउन' याच घराण्यातला. त्यात अडलेल्या जागेचा फोटो नकाशावर टाचून ठेवता येतो. सुरुवात इथूनच करा. मग २०१७चा 'हॉलो नाइट' घ्या. तो अवघड आहे, तिथे नकाशासुद्धा विकत घ्यावा लागतो.

आपण लोकलच्या घड्याळावर जगणारी माणसं. मुलांनाही तेच शिकवतो, चुकू नका, थांबू नका. हे खेळ सांगतात, चुकलेली वाट लक्षात ठेवा. पुन्हा यायचंय.